संगीताचा सबसॉयलर

संगू,

तुझ्या घरी बसायला येणाऱ्या बायका तुला 'बिचारी' म्हणतात. "सुटली बिचारी," म्हणतात आणि पदर डोळ्याला लावतात. त्यांचं तरी काय चुकलं? डायलिसिसच्या सुयांनी फुगलेला तुझा हात आणि पायांवरची सूज बघून कुणालाही तेच वाटणार. मी भिंतीला टेकून बसले होते. दर वेळी वाटायचं, उठून सांगावं की बाई, आमची संगू बिचारी नव्हती. पण समोर काकू बसलेल्या. पोरगी गमावलेल्या आईसमोर असलं काही बोलवत नाही, म्हणून गप्प बसले. तेराव्याला जे झालं त्यानंतर मात्र गप्प बसवत नाही. तुझं-माझं बोलणं अर्धवट राहिलंय, ते इथं पुरं करते.

पुण्याची नोकरी सोडून तू लोहाऱ्याला आईकडं आलीस तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं होतं की आता तू आराम करणार. मलाही तसंच वाटलं. शाळेत आपण एका बाकावर बसलो. पुढं तू मोठी इंजिनिअर झालीस आणि मी डिप्लोमा करून मुरुमला वडिलांचं अवजारांचं वर्कशॉप सांभाळत बसले. वाटलं, बरं झालं, आता निवांत गप्पा होतील. तर तू एका सकाळी एसटीतून उतरून थेट वर्कशॉपमध्ये आलीस, पाणीसुद्धा घेतलं नाहीस. जिना चढून वरची खोली बघितलीस, जिथं आमचं जुनं लोखंड पडलेलं असायचं, आणि विचारलंस, "इथली लाईट कुठल्या फेजवर हाय? वेल्डिंग चालू असताना दिवा मिणमिणतो का?"

मी म्हटलं, मिणमिणतो. तू म्हणालीस, मग आधी वायरिंग बदलू.

आठवडाभरात खोली रिकामी झाली आणि तुझा तो कपाटाएवढा कॉम्प्युटर आला, इन्व्हर्टर आला. रशीदभाई आपल्याकडं माझ्या वडिलांच्या वेळेपासून वेल्डिंग करतात. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ताईंचा विचार काय आहे? मला तरी कुठं कळलं होतं? तूच मग त्यांना समोर बसवून सांगितलंस. पडद्यावर बारीक गोळ्यांचा एक ढीग करायचा, लाखो गोळ्या. ती माती. एक गोळी दुसरीवर किती घासते आणि दुसरीला किती चिकटते, हे आकड्यांत सांगायचं. मग त्या मातीतून नांगराचा दात ओढायचा आणि बघायचं की माती कशी फुटते, कुठं जाते, दाताला किती जोर लागतो. दात वाकडा कर, सरळ कर, त्याला पंख लाव, काढ. लोखंड न कापता, रान न नांगरता.

रशीदभाईंनी डोकं हलवलं आणि म्हणाले, "मंजे आमी रिकामे." तू हसलीस. म्हणालीस की उलट आहे, आता तुम्ही फक्त चांगलाच दात बनवायचा, बाकीचे मी इथं वर मोडते.

तुला कुठलं काम करायचंय हे तू आधीच ठरवून आली होतीस, हे मला नंतर कळलं. आपल्याकडची काळी जमीन. वर्षानुवर्षं जड ट्रॅक्टर आणि रोटर फिरून वरची माती पिठासारखी झालेली आणि तिच्या खाली हातभरावर फरशीसारखा घट्ट थर. पाऊस पडला की पाणी वरच थांबतं आणि तुरीच्या मुळ्या कुजतात. तो थर फोडायला सबसॉयलर असतो, एकच लांब दात, जमिनीच्या पोटात जाणारा. पण तो ओढायला मोठं धूड लागतं. आपल्या भागात बहुतेकांकडं लहान ट्रॅक्टर. दात आत गेला की पुढची चाकं उचलतात आणि इंजिन बंद पडतं. तुझ्या वडिलांचं तसंच व्हायचं. लहानपणी बांधावर बसून तू ते बघितलेलं. लहान ट्रॅक्टरनं ओढेल असा सबसॉयलर तुला करायचा होता. बस, एवढंच.

त्याच्यासाठी पडद्यावरची माती खऱ्या मातीसारखी वागायला पाहिजे. तू रानारानातून पिशव्या भरून आणल्यास, वाळवल्यास, चाळल्यास. काकूंची परात उलटी ठेवायची, तिच्यावर पाइपाचा तुकडा उभा करायचा, त्यात माती भरायची आणि पाइप हळूच वर उचलायचा. माती खाली पसरते आणि तिचा ढीग होतो. त्या ढिगाचा उतार मोजायचा आणि पडद्यावरचा ढीग तस्साच उतरेपर्यंत आकडे बदलत राहायचे. अंगणात दिवसभर तुझं हेच. लोहाऱ्यात बोलवा झाली की शिकलेली पोरगी आजारानं भ्रमिष्ट झाली, मातीशी खेळते. काकूंच्या कानावर आलं तेव्हा त्या रडल्या. तू त्यांच्या हातात पाइप दिलास आणि म्हणालीस, आई, तू उचल, माझा हात थरथरतो. त्यानंतर पाइप काकूच उचलायच्या. बायकांना सांगायच्या, गडबड करू नका गं, ढीग मोडंल.

माती घ्यायला आपण मल्लाप्पा काकांच्या रानात गेलो, ते तुला आठवत असेल. मुरुमच्या वेशीबाहेरचं त्यांचं ते खोलगट काळं रान, दर वर्षी पाणी साचून तूर कुजवणारं. काका कानडी-मराठी मिसळून बोलणारे, तोंडानं तिखट. त्यांनी पिशवी भरू दिली आणि मग शांतपणे म्हणाले, "अक्का, कॉम्प्युटरातलं रान तुझं हाय. त्याला दगड न्हाय, हरळी न्हाय, ऊन न्हाय. हे माझं रान हाय. हे तुझं ऐकायचं न्हाय." मला राग आला. तुला आला नाही. परत येताना म्हणालीस, बरोबर बोलले, ऐकायचं त्यानं नाही, मी आहे.

ठरलेल्या वारी आपण उमरग्याला डायलिसिसला जायचो. मी गाडी चालवायची, तू शेजारी सीट मागं टाकून. लोक म्हणायचे, किती करते मैत्रिणीसाठी. त्यांना काय माहीत की त्या रस्त्याची मी वाट बघायचे. इतकं भांडायला मला दुसरं कोण होतं? मी म्हणायची, गोळ्या म्हणजे माती नव्हे. माती ओल धरते, भेगाळते, तिच्यात मुळ्या असतात. तू म्हणायचीस, नकाशा म्हणजे गाव नव्हे, तरी वाट सापडते ना? खाटेवर झोपल्यावरसुद्धा तुझं चालायचं. यंत्रातून रक्त फिरतंय, डाव्या हाताला सुया, आणि उजव्या हातानं लॅपटॉप. कॉम्प्युटरवर काही बदलायचं असेल तर मला फोनवरून सांगायचीस, वर जा, दुसरी खिडकी उघड, हा आकडा घाल. मी कुरकुरत घालायची. असं करत करत तू मला शिकवत होतीस. माझ्या ते लक्षात आलं नाही आणि तू ते येऊही दिलं नाहीस.

पहिला दात आपण मोठ्या उत्साहानं बनवला. पडद्यावर तो सुंदर चालत होता, माती दोन्ही बाजूंनी फुलासारखी उकलत होती. रशीदभाईंनी जीव ओतून वेल्डिंग केलं. मल्लाप्पा काकांच्या शेजारच्या रानात लावला आणि फजिती झाली. मधेच अवकाळी बरसून गेलेला, खाली ओल. दात आत गेला आणि लोण्यातून सुरी जावी तसा गेला. माती फुटलीच नाही. एक चीर पडली आणि मागं मिटून गेली. बघायला आलेले लोक हसले नाहीत, ते जास्त लागलं. गुपचूप गाड्या काढून निघून गेले. परत येताना मी नुसती गाडी हाकत होते. मनात म्हणत होते, संपलं, आता हिला कसं सावरायचं.

तू वर गेलीस आणि त्या ओल्या मातीचे आकडे घातलेस. चिकटपणा वाढवलास, घर्षण कमी केलंस, आणि तोच दात, तोच वेग. हिशेब उरकायला कॉम्प्युटरला दिवसच्या दिवस लागायचे. निकाल आला त्या दुपारी मी खाली ड्रिलवर होते. तू जिन्यावरून हाक मारलीस. मला वाटलं, पडलीस. धावत आले तर तू खुर्चीत बसून हसत होतीस, डोळ्यांतून पाणी. पडद्यावर दात निळ्या मातीतून चालला होता. बाजूला काही उकलत नव्हतं. एक चीर, आणि मागं मिटत जाणारी.

"नंदे, बघ. रानात हुकला तसाच इथं हुकला. मंजे ही माती खरी हाय."

संगू, त्या क्षणापासून मी तुझ्या बाजूची झाले. तोवर मी मैत्रीण म्हणून करत होते. बरोबर उत्तर देणारी यंत्रं मी पुष्कळ बघितली होती. पण हरल्यावर एवढं हसणारं माणूस नव्हतं बघितलं. आपण का हरलो हे तुला दिसलं होतं, आणि दिसलं की तुझं निम्मं काम झालेलं असायचं.

त्यानंतर तू वाऱ्यासारखी सुटलीस. दात वाकवलास, त्याच्या पायाशी दोन बारके पंख लावलेस. तरी ओढायला जड. मग एके दिवशी मोठ्या दाताच्या पुढं दोन लहान दात उथळ चालवून बघितलेस. ते वरची माती आधीच सैल करत जातात, मागच्या मोठ्याला तिच्या ओझ्याखालून माती उचलावी लागत नाही. पडद्यावरची, ओढायला लागणाऱ्या जोराची रेघ खाली आली. मी म्हटलं, दोन दात वाढवले तर जोर वाढायला पाहिजे, कमी कसा होईल? तू म्हणालीस, दार उघडून आत जाणं सोपं की भिंत फोडून? मला पटलं नाही. रशीदभाईंना पटलं. ते म्हणाले, लग्नात गर्दीतून नवरदेव पुढं काढायचा तर आधी दोन पोरं पुढं घालतात, तसंच हे.

भर उन्हाळ्यात, तूर निघून रान रिकामं झाल्यावर, मल्लाप्पा काकांनीच निरोप पाठवला की आणा तुमचं काय ते. माणसं जमली, मुरुमची, लोहाऱ्याची, आसपासच्या गावांतली. तू आदल्या दिवशी उमरग्याहून आलेली, चेहरा पांढरा. काकूंनी बांधावर बाभळीखाली खुर्ची टाकली, तू बसली नाहीस. जोर मोजायची पद्धत तू लोकांना आधी समजावून सांगितलीस. दोन ट्रॅक्टर एकामागं एक. मागच्याला अवजार, पण त्याचा गिअर काढलेला. पुढच्यानं त्याला ओढायचं आणि दोघांच्या मधे साखळीत ताण मोजणारा काटा. म्हणजे कुणाला म्हणायला नको की बाईनं जादू केली.

आधी नेहमीचा सबसॉयलर लावला. थोडं गेला आणि पुढचा ट्रॅक्टर धापा टाकायला लागला, चाकं जागच्या जागी फिरून धूळ उडाली. काटा कुठं गेला ते काकांनी स्वतः वाकून बघितलं. मग तुझा लावला. तू हात वर केलास. ट्रॅक्टर निघाला, आणि मला फक्त एवढंच कळलं की आवाज बदलला नाही. इंजिन एका सुरात चालत होतं. दात पूर्ण आत, आणि दोन्ही बाजूंची जमीन हळूच वर उचलली जात होती, फुगत होती, भेगा पडत होत्या, जणू खाली कुणी कूस बदलत होतं. या बांधापासून त्या बांधापर्यंत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं ट्रॅक्टरच्या मागून चालायला लागली, एवढंच. सगळेच्या सगळे, वाकून जमिनीकडं बघत.

काकांचा तरी विश्वास बसेना. म्हणाले, वरून फुगल्यासारखं दिसतंय, खाली काय झालं ते कुणी सांगावं? त्यांनी स्वतः फावडं घेतलं आणि दात गेलेल्या तासाला आडवा खड्डा खणला. घट्ट थर फुटला होता. नुसती चीर नव्हती, पंखांपासून वरपर्यंत पसरत गेलेला सुपासारखा आकार, आणि त्यात ढेकळं सुटी झालेली. तू पुढं झालीस. लॅपटॉप उघडून खड्ड्याच्या काठावर ठेवलास. पडद्यावर कापून दाखवलेली माती, आणि तोच सुपासारखा आकार. काका एकदा खड्ड्यात बघायचे, एकदा पडद्यावर. मग खड्ड्यातून वर आले, हात धोतराला पुसले आणि तुझ्या डोक्यावर ठेवले.

"अक्का, रानानं ऐकलं गं तुझं."

तेव्हा कुठं तू खुर्चीवर बसलीस.

आणि पावसानंही तुला खोटं पाडलं नाही. श्रावणात तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी काकांनी मुद्दाम गाडी पाठवून तुला नेलं. शेजारच्या रानात पाणी चमकत होतं आणि काकांच्या रानात पाणी खाली उतरून गेलेलं, तूर ताठ उभी. तू चप्पल काढून तासात उभी राहिलीस. पाय सुजलेले, चिखलात रुतलेले. काकू ओरडल्या तरी ऐकलं नाहीस. तुझा तो चेहरा माझ्याजवळ आहे, मी तो कुणाला वाटणार नाही. त्या हंगामात आपल्याकडं मागण्या आल्या त्या अजून पुऱ्या होत नाहीत. लोक सबसॉयलर मागत नाहीत, म्हणतात, "संगीता द्या." तू हे ऐकलंस आणि लाजलीस. जन्मात पहिल्यांदा तुला लाजताना बघितलं.

भांडण त्यानंतर लागलं. तू म्हणालीस, अवजाराचा नकाशा सगळ्यांना देऊन टाकू, ज्याला बनवायचा त्यानं बनवावा. मी म्हटलं, अजिबात नाही. पैशाचा मुद्दा नव्हता, तुला ठाऊक आहे. लोक पातळ पट्टी वापरतील, पंखाचा कोन डोळ्यानं ठरवतील, दात वाकला की नाव तुझं बदनाम होईल. तू म्हणालीस, मला नावाचं काय करायचंय, मुरुमचं एक वर्कशॉप किती रानांना पुरणार? उमरग्याच्या रस्त्यावर हेच, जाताना हेच, येताना हेच. शेवटच्या खेपेला तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं झोपलीस, आणि मी बोलायची थांबले. तर डोळे न उघडता म्हणालीस, "थांबलीस का? पटलं वाटतं." मी म्हटलं, पटलं नाही, घरी गेल्यावर बोलू.

ते बोलणं झालंच नाही.

तेराव्याला तुझ्या अंगणात पंगती चालू होत्या. मी वाढत होते. दारात एक पिकअप येऊन थांबली, कळंबची. त्यातून बालाजी नावाचा एक माणूस उतरला, माझ्याच वयाचा, हातावर वेल्डिंगचे डाग. काकूंच्या पाया पडला. मग मला म्हणाला, ताई, जरा बाहेर येता? मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली एक अवजार होतं. मोठा वाकडा दात, पायाशी पंख, पुढं दोन लहान दात. संगू, माझ्या हातातली भाजीची बादली मी तिथंच खाली ठेवली. कुणाकडं टेप मागितला तेही आठवत नाही. हौद्यात चढले आणि मापं घ्यायला लागले. पंखाची रुंदी बरोबर. पुढच्या दातांचं अंतर बरोबर. पट्टी जाड, आपल्यापेक्षा एक नंबर जास्तच. वेल्डिंग रशीदभाईंनी बघितलं आणि मान डोलावली. सगळं तपासून झाल्यावर मी विचारलं, हे कुठून आणलं?

तो म्हणाला, त्याची बहीण उमरग्याला दिलेली, तिचंही डायलिसिस चालायचं, तुझ्या शेजारच्याच खाटेवर. तो बहिणीजवळ बसायला यायचा. एकदा त्यानं विचारलं, ताई, लॅपटॉपवर हे काय चालतंय? तू पुढची सगळी दुपार त्याला समजावून सांगत बसलीस आणि जाताना नकाशा देऊन टाकलास. माझ्याशी भांडत होतीस तेव्हा तो देऊन झाला होता. मी खाली चहा आणायला गेले असेन.

मग तो चाचरत म्हणाला, "ताईंनी सांगितलं व्हतं, चालला की मगच नंदाला दाखवा. ती लई भांडंल. पण आधी माप घील."

माझ्या हातात टेप तसाच होता. रशीदभाई तोंड फिरवून हसायला लागले आणि मग मीही. तेराव्याच्या मांडवात, सगळ्या गावासमोर, पोट धरून. काकू दारात आल्या. काय झालं ते कळल्यावर त्याही तोंडाला पदर लावून हसल्या, तू गेल्यापासून पहिल्यांदा. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

भांडण तू जिंकलीस, हे मी मान्य करते. पण पूर्ण नाही. बालाजी म्हणत होता की त्यांच्याकडच्या मुरमाड रानात दात थोडा उड्या मारतो. मारणारच. तो कोन आपल्या काळीसाठी काढलेला. नुसता नकाशा देऊन भागत नाही, हे माझंही बरोबर होतं. त्यानं विचारलं, मग कोन किती ठेवू? संगू, मी मागं वळून तुला शोधलं. सवयच ती. मग त्याला सांगितलं, उद्याच्या उद्या तुमच्या रानातली पोतंभर माती मुरुमला पाठवून द्या, कोन मी काढून देते.